फोनला कव्हर लागतंच कशाला?

दिवटा (धागाकर्ता)

नवा फोन घेतला. दुकानात अर्धा वेळ रंग ठरवण्यातच गेला. बायकोचं मत हिरवा, मुलीचं जांभळा, माझं काळा, बहुमताने हिरवा. दुकानातला पोरगा फोन आडवा धरून "सर, बघा किती स्लिम आहे" असं चार वेळा म्हणाला. मी पैसे दिले, आणि पावती निघेपर्यंत त्याच पोराने फोनवर काळं जाडजूड बॅक कव्हर चढवलं, पुढे टफन ग्लास डकवली आणि फोन माझ्या हातात ठेवला. विचारलंसुद्धा नाही. हिरवा गेला, स्लिमही गेला.

माझं म्हणणं सरळ आहे. जी वस्तू दिवसभर हातात असते, ती कधी ना कधी कमरेच्या उंचीवरून फरशीवर पडणार. हे कंपनीला आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. मग तेवढं सोसेल असा फोन बनवणं हे तिचं काम, की दोनशे रुपयांचं रबर आणून तो झाकणं हे आपलं?

कोणी कव्हर न लावता वापरतं का? आणि कव्हर लागणं हा फोनचाच दोष मानावा का? अनुभव लिहा.

खट्याळ_खार

पहिली! शेंगदाणे घेऊन बसले आहे. आता कुठल्याही क्षणी ३३१० वाले येतील.

उंबरठा

आलो. :-)

नोकिया ३३१०. सन २०००, वजन १३३ ग्रॅम. आमच्या होस्टेलच्या जिन्यावरून पडला की झाकण एका पायरीवर, बॅटरी दुसऱ्या, उरलेला फोन तिसऱ्या. गोळा करायचा, बसवायचा, चालू. आजच्या पोरांना हे सांगितलं तर खोटं वाटतं. पुढे २००३ मध्ये ११०० आला. रबरी कीपॅड, धूळ आत जायची सोय नाही, वर बॅटरी. पंचवीस कोटींहून जास्त विकला गेला तो. त्याला कोणी कव्हर घातलेलं पाहिलंय?

गुळपोळी

@उंबरठा, पाहिलंय. आमच्या काकांच्या ११०० ला पारदर्शक प्लॅस्टिकची पिशवीवजा टोपी होती, कमरेच्या पट्ट्याला क्लिपने अडकवायची. बटणं दाबताना चुरचुर आवाज यायचा. मराठी माणूस कव्हर लावण्यासाठी फोन नाजूक असायची वाट बघत नाही.

चिकित्सक_चिंतू

३३१० ची आरती झाली असेल तर थोडं भौतिकशास्त्र.

तो फोन सुटा होत होता म्हणूनच वाचत होता. पडताना आलेली ऊर्जा झाकण उडण्यात, बॅटरी निखळण्यात खर्ची पडायची. स्क्रीन टपाल तिकिटापेक्षा थोडी मोठी, आणि तिच्यापुढे प्लॅस्टिक. आज समोरचा सगळा भाग काच, बऱ्याच फोनांत पाठही काच, आणि वजन वाढलेलं. आयफोन ४ होता १३७ ग्रॅम. आयफोन १५ प्रो मॅक्स २२१, गॅलॅक्सी एस २४ अल्ट्रा २३२. दीडपटीहून जड वस्तू त्याच उंचीवरून पडली तर ऊर्जाही दीडपटीहून जास्त. सुट्टं काही होत नाही, म्हणजे ती सगळी काचेच्या कोपऱ्यात जाते.

काच वाईट असते असंही नाही. गोरिला ग्लाससारखी काच सुमारे ४०० अंशांच्या वितळलेल्या पोटॅशियम क्षारात बुडवतात. काचेतले छोटे सोडियम आयन बाहेर येतात, त्यांच्या जागी मोठे पोटॅशियम आयन दाटीवाटीने घुसतात, आणि पृष्ठभाग कायमचा दाबाखाली राहतो. तडा जायचा तर आधी तो दाब मोडावा लागतो. पण पृष्ठभागावर खोल ओरखडा पडला, तर तिथे तो दाब भेदला गेलेला असतो. म्हणून फोन दहा वेळा पडून काही होत नाही आणि अकराव्या वेळी सोफ्यावरून सतरंजीवर पडून फुटतो. दोष सतरंजीचा नसतो, आधीच्या दहांचा असतो.

ओरखडा कशाने? किल्ल्यांनी सहसा नाही. वाळूने. वाळूतलं क्वार्ट्झ कठीणपणाच्या मोह्स मापात ७ वर, फोनची काच साधारण ६ च्या आसपास. खिशातली चिमूटभर धूळ पुरते.

आणि कठीण केली की ठिसूळ होते, चिवट केली की चरे पडतात. दोन्ही एकदम मागू नका. २०१५ च्या अखेरीस मोटोरोलाने न फुटणाऱ्या प्लॅस्टिक थराचा फोन काढला होता, आपल्याकडे तो मोटो एक्स फोर्स नावाने आला. स्क्रीन खरंच फुटायची नाही. चरे मात्र पडायचे. लोकांनी गुळगुळीत काचच निवडली.

दिवटा

@चिंतू, पुढची काच मान्य. तिच्यातून बघायचं असतं. पाठीमागे काच कशाला? पाठीतून मी काय बघतो?

चिकित्सक_चिंतू

वायरलेस चार्जिंग धातूतून होत नाही, हे एक कारण. २०१७ च्या आयफोन ८ पासून पाठीवर काच आली ती त्यासाठी. पण प्लॅस्टिकमधूनही ते मजेत होतं, त्यामुळे उरलेलं कारण दुकानातल्या शोकेसमध्ये आहे. काच हाताला गार आणि महाग लागते.

उंबरठा

पाठीची काच त्याआधीही होती, २०१० च्या आयफोन ४ ला. त्या फोनची तर मजाच. धातूच्या कडेला हात लागला की सिग्नल जायचा, गवगवा झाला, आणि ॲपलने त्या जुलैत लोकांना फुकट बंपर वाटले. कंपनीनेच स्वतःच्या फोनला कव्हर घातलं!

रिपेअरवाला_नाशिक

महात्मा गांधी रोडला दुकान आहे, त्यामुळे या विषयात माझं पोट आहे हे आधीच सांगतो.

आमच्याकडे फुटके फोन येतात त्यात कव्हर असलेलेही भरपूर. बहुतेक वेळा कोपरा. समोरून सपाट पडलेला फोन वाचतो, कोपऱ्यावर पडलेला जातो. म्हणून कव्हर घेताना मागची नक्षी बघू नका. कोपऱ्यात आत हवेची पोकळी आहे का, आणि कड स्क्रीनपेक्षा मिलिमीटरभर वर येते का, तेवढं बघा. फोन पालथा टेबलवर ठेवा आणि खालून कागद सरकवा. कागद सरकला तर कड आहे. चकाकणारी कडक कव्हरं, ज्यांच्यावर बदाम आणि नावं छापून मिळतात, त्यांनी फक्त चरे वाचतात.

टफन ग्लासबद्दल सगळ्यांचा एक गैरसमज. गिऱ्हाईक येतं, ग्लासला तडे, म्हणतं, "बघा, हिच्यामुळे डिस्प्ले वाचला." दरवेळी तसं नसतं. रस्त्यावरची ग्लास साध्या काचेची, कडेला घासून धारदार झालेली. ती हलक्या धक्क्यानेही चिरते, खालचा डिस्प्ले तेवढं सहज सोसला असता. ओरखड्यांसाठी ती लावाच. पण ती फुटली म्हणजे मोठा अपघात टळला असा हिशेब करू नका. (दुकानात मी हे बोलत नाही.)

फुटलं तर काय? डिस्प्ले आणि टच आता एकच असतात, आम्ही त्याला कॉम्बो किंवा फोल्डर म्हणतो. वरची काच फुटली पण चित्र आणि टच शाबूत असेल तर नुसती काच बदलता येते. फोन खोलून डिस्प्ले गरम प्लेटवर ठेवायचा, केसाएवढी तार काच आणि डिस्प्लेच्या मधून हळूहळू ओढत न्यायची, जुना गोंद बोटाने चोळून चोळून काढायचा, नवी पारदर्शक गोंदाची शीट, नवी काच, मग दाबाच्या डब्यात घालून बुडबुडे काढायचे. तार एकदा तिरकी झाली की डिस्प्लेवर हिरवी रेघ, आणि ती रेघ माझ्या खिशातून भरायची.

पाठीची काच त्याहून वाईट. आयफोन ८ ते १३ पर्यंत ती इतकी चिकटवलेली आहे की काढायला लेसर मशीन घ्यावं लागलं. साध्या १४ मध्ये (प्रो नव्हे) पाठ सुटी निघायला लागली, तेव्हा आम्ही पेढे वाटायचे बाकी ठेवले होते.

पाचवा_कोपरा

@रिपेअरवाला, प्रतिसादाला दंडवत. वाचनखूण साठवली.

सायलीची_आई

सगळ्या पुरुषांनी भौतिकशास्त्र मांडून झालं असेल तर एक साधी गोष्ट. फोन पडतो कारण तो हातात मावत नाही आणि ठेवायला जागा नसते. तुमच्या शर्टाला खिसा, पँटला चार. माझ्या कुर्त्याला असला तर रुमालापुरता, साडीला तर विचारूच नका. म्हणजे एका हातात डबा, खांद्यावर पर्स, दुसऱ्या हातात पावणेसात इंची पाटी, आणि त्याच हाताच्या अंगठ्याने ओटीपी टाकायचा. अंगठा पलीकडच्या कोपऱ्यापर्यंत पोचतच नाही. पोचवायला जाते आणि फोन निसटतो.

मी कव्हर काच वाचावी म्हणून लावत नाही. हातातून सुटू नये म्हणून लावते. खरखरीत पाठीचं, मागे अंगठी असलेलं. फोनचीच पाठ खरखरीत असती आणि फोन माझ्या तळव्याएवढा असता तर कव्हराचे पैसे वाचले असते. छोटे फोन खपत नाहीत म्हणे. विचारलं कोणाला?

खट्याळ_खार

सायलीची_आई, टाळ्या. खिशाचा वेगळा धागा काढा, मी शेंगदाणे वाढवते.

आसनगाव_लोकल

खिसा असूनही आम्ही दोरी लावतो. कव्हरच्या भोकातून दोरी, दोरी मनगटाला. गर्दीत धक्का लागला की फोन थेट रुळांवर, आणि दाराशी उभं राहून फोन बघत असाल तर हातावर फटका मारून फोन पाडणाऱ्या फटका गँगची काठी. ज्या फोनला दोरी ओवायला भोकच नाही त्याला कव्हर हवंच. ३३१० च्या काळी हे भोक फोनलाच असायचं. कुठे गेलं ते?

अण्णा_निवृत्त

चर्चा रंगली आहे. वयाने ज्येष्ठ म्हणून दोन शब्द.

आमच्या तीर्थरूपांचा ट्रान्झिस्टर चामड्याच्या केसमध्ये असे. आवाज यायला समोर भोकं, काट्यासाठी खिडकी, खांद्यावर अडकवायला पट्टा आणि मागे टिचबटण. कॅमेराही तसाच, आग्फा क्लिक थ्री, चामड्याच्या केससकट. मापाला मापून शिवलेल्या त्या केसेस, आणि वस्तूसोबतच मिळायच्या. त्यामुळे झाकणं ही गोष्ट नवी नाही. नवं आहे ते हे, की वस्तू एकाने करायची आणि तिचं रक्षण फुटपाथवरच्या दुसऱ्यावर सोपवायचं.

गुळपोळी

अण्णा, आणि डायलच्या फोनवरचं क्रोशाचं कव्हर? टीव्हीवरचं झालरवालं? फ्रिजच्या हँडलला बांधलेला रुमाल? रिमोटवरचं दुकानातलं प्लॅस्टिक तर आमच्याकडे अजून आहे, आकडे दिसत नाहीत पण काढलं तर आई जेवायला वाढणार नाही.

पाचवा_कोपरा

मिक्सरचा फ्रॉक राहिला.

खट्याळ_खार

मिक्सरचा फ्रॉक!! ऑफिसात हसले, मॅनेजर बघतोय.

वर्धेकर

थंडीतल्या गोष्टी सांगून राहिले तुम्ही लोक. आमच्याकडे मे महिन्यात ४५ च्या वर पारा जाते राजेहो. ॲपल स्वतः सांगते की फोन ० ते ३५ अंशांत वापरा. म्हणजे मार्च ते जून आमी फोन कपाटात ठेवाचा का?

उन्हात गाडीच्या काचेजवळ मॅप लावून ठेवला, वरतून चार्जिंग, आणि वरतून जाड कव्हर. अर्ध्या तासात फोन म्हणते "तापमान जास्त झाले". स्क्रीन अंधुक, चार्जिंग बंद. कव्हर काढलं की थोडं निवते. फोन आपली गरमी पाठीतूनच बाहेर सोडते, अन् आपण तिलेच रजई घातली. माझा नियम असा: उन्हाळ्यात प्रवासात कव्हर बाहेर, गावात पोचलो की आत. अन् कव्हराच्या मागे नोट, मेट्रो कार्ड, देवाचा फोटो ठेवणाऱ्यायले हात जोडून इनंती, चार्जिंगले लावताना तरी ते काढत जा.

मडगावचो

गरमीचं झालं, आता पाण्याचं. आयपी ६८ लिहिलंय म्हणून फोन घेऊन कोलव्याच्या समुद्रात उतरणारे पर्यटक दर रविवारी दिसतात. त्यातला ६ म्हणजे धूळ आत जात नाही. दुसरा आकडा पाण्याचा: ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास, आणि ८ म्हणजे त्याहून जास्त, किती ते कंपनी सांगेल. ही चाचणी गोड्या, स्थिर पाण्याची. लाटेची नाही, खाऱ्या पाण्याची नाही. खारं पाणी चार्जिंगच्या भोकात वाळलं की तिथल्या पिना हिरव्या पडतात. आणि हे सगळं छापूनही पाणी गेलं तर वॉरंटीत बसत नाही, आत ओलाव्याने लाल होणारी पट्टी असते ती पुरावा म्हणून तुमच्याच विरुद्ध जाते. आमचे मच्छीमार शहाणे. फोन झिपच्या पिशवीत, पिशवी शर्टाच्या आत.

पाचवा_कोपरा

पाणी नको म्हणून बॅटरी सीलबंद केली असं कंपन्या सांगतात, ते कितपत खरं? गॅलॅक्सी एस ५ ची पाठ नखाने उघडायची, बॅटरी हाताने निघायची, आणि तरी तो आयपी ६७ होता. २०१४ ची गोष्ट.

उंबरठा

अवांतर: जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेत उडत्या विमानाचा दाराएवढा तुकडा निखळला, त्यातून एक आयफोन १६,००० फुटांवरून खाली पडला आणि रस्त्याकडेला चालू सापडला. चार्जरच्या वायरीचं तुटलेलं टोक अजून त्यात अडकलेलं. आमचा पलंगावरून पडून गेला.

चिकित्सक_चिंतू

काही उंचीनंतर हवेच्या रोधामुळे वेग वाढायचा थांबतो, त्यामुळे सोळा हजार फूट आणि हजार फूट यांत पडणाऱ्या फोनला फारसा फरक नाही. खाली गवत आहे की काँक्रीट, एवढंच महत्त्वाचं. तुमच्या पलंगाखाली शहाबादी फरशी असणार.

आयंडहोवनकर

उशिरा आलो. मूळ प्रश्न होता की फोन उघडाच टिकायला हवा का. इकडे युरोपात त्याचं उत्तर आता कायद्याने दिलंय, आणि इथे कोणी त्याचा उल्लेख केला नाही म्हणून लिहितो.

२० जून २०२५ पासून युरोपीय संघात विक्रीला येणाऱ्या नव्या स्मार्टफोनना टिकाऊपणाचे नियम लागू झालेत. फोन ४५ वेळा पडूनही चालू राहिला पाहिजे, आणि ही चाचणी कव्हर न लावता, वरची फिल्म न लावता करायची. दिवटा म्हणतात तेच. घडीच्या फोनांना थोडी सवलत आहे. बॅटरी ८०० वेळा चार्ज होऊनही मूळ क्षमतेच्या ८० टक्के उरायला हवी, आणि मॉडेल बाजारातून गेल्यावरही सात वर्षं सुटे भाग मिळायला हवेत. फ्रिजवर ताऱ्यांचं लेबल असतं तसं इकडे फोनवर आता लेबल येतं. त्यावर पडझडीची वेगळी श्रेणी छापलेली असते, ए ते ई. दुकानात दोन फोन शेजारी ठेवून बघता येतं.

तोच फोन भारतात मिळतो. लेबल तेवढं मिळत नाही.

दिवटा

@आयंडहोवनकर, हेच हवं होतं! म्हणजे कंपन्यांना जमतं. सांगितलं की जमतं.

चिकित्सक_चिंतू

जरा दमाने. "चालू राहिला पाहिजे" आणि "ओरखडा पडता कामा नये" यांत फरक आहे. त्याच नियमांत ओरखड्याची अट मोह्स मापात ४ ची आहे. वाळू ७, ते वर आलंच आहे. कायदा पाळणारा फोनही वर्षभरात चरचरीत होईलच.

आणि मजबूत फोन बाजारात आजही आहेत. रबरी कोपऱ्यांचे, अंगठ्याएवढे जाड. कोणी घेत नाही. त्यांच्यावरचा "मिलिटरी स्टँडर्ड" शिक्का वाचताना मात्र सावध. अमेरिकी लष्कराच्या एमआयएल-एसटीडी-८१०जी मध्ये १२२ सेंटिमीटरवरून २६ वेळा पाडायचं असतं, पण काँक्रीटवर ठेवलेल्या दोन इंची प्लायवूडवर, आणि २६ पडझडी पाच नगांत वाटून घ्यायची मुभा आहे. कंपनी हे स्वतःच तपासते आणि स्वतःच छापते.

सायलीची_आई

पाच नगांत वाटून? म्हणजे एका फोनच्या वाट्याला पाच-सहा वेळा. आमच्या सायलीच्या हातून एका आठवड्यात होतात.

गुळपोळी

दिवटा, तुमचा मुद्दा पटतो, तरी मी कव्हर काढणार नाही. दोन वर्षांनी एक्स्चेंजला देताना पोरगा फोन दिव्याखाली तिरका धरून बघतो, आणि एका चऱ्याला किंमत पाडतो. उघडा वापरायचा आनंद माझा, भुर्दंडही माझा.

दिवटा

म्हणजे आपण फोन पुढच्या मालकासाठी सांभाळतो. तो हिरवा रंग शेवटी त्याच्याच नशिबात.

आसनगाव_लोकल

तोही दुकानातून कव्हर घालूनच निघणार.

रिपेअरवाला_नाशिक

लेबलची गोष्ट इकडे झाली तर मला आवडेल. धंदा कमी होईल असं नाही, लोक फोन पाडायचे थांबणार नाहीत. सात वर्षं ओरिजिनल कॉम्बो मिळाला तर उलट गिऱ्हाइकाला "कॉपी लावू का" हे विचारावं लागणार नाही. सध्या तीन वर्षं जुन्या मॉडेलचा ओरिजिनल पार्ट मागवला की "आठ दिवस" सांगतात आणि महिना जातो.

नवी_सदस्य_मृणाल

धागा आजच वाचला. जरा वेगळं विचारते. कडेला वळलेली स्क्रीन आहे, दुकानदाराने यूव्ही ग्लास लावून दिली. आता कॉलवर समोरच्याचा आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा येतो. फोन गेला का?

रिपेअरवाला_नाशिक

फोन गेला नाही. यूव्ही ग्लासला पातळ गोंद असतो, निळ्या दिव्याने वाळवतात. लावताना तो वरच्या ऐकण्याच्या जाळीत गेला असणार. काही कंपन्यांनी यूव्ही ग्लासबद्दल इशारेही दिलेत, वॉरंटी नाकारतात. घरी सुईने टोचू नका, जाळीमागे पातळ पडदा असतो, तो फाटेल. हेअर ड्रायरने कड कोमट करा, गरम नाही, आणि जुन्या सिमकार्डाच्या प्लॅस्टिकने एका कोपऱ्यातून उचला. जाळीतला गोंद जवळच्या चांगल्या दुकानातून साफ करून घ्या. बटणं दाबली जातात ना नीट, आणि सिमचा ट्रे निघतो का, तेही तिथेच बघून घ्या. नवी ग्लास नकोच लावू. वळलेल्या स्क्रीनला साधी फिल्म बरी.

नवी_सदस्य_मृणाल

धन्यवाद! ट्रे निघत नाहीये.